तिसरी रेघ

"आईच्या रेघा कुठे गेल्या?" संबिएनींनी विचारलं.

"या घमेल्यात," क्लारिस म्हणाली आणि चिखल मळत राहिली.

संबिएनी जुन्या घरांची देखभाल बघणाऱ्या कार्यालयातून आले होते. हातात रोगणाचा डबा. एकदा फासलं की भिंतीत पाणी शिरत नाही, रेघा वर्षानुवर्षं तशाच राहतात. मातीच्या घरांच्या त्या साऱ्या कुताम्माकू मुलखात क्लारिसच्या आईसारखी भिंत कुणी लिंपत नसे. ओल्या मातीतून बोटं ओढत ती तीन-तीन रेघा काढी. विळ्यानं अनामिकेचं टोक गेल्यापासून तिसरी रेघ फिकी उमटे. त्या फिक्या रेघेवरून लोक तिचं घर ओळखत.

आई जाऊन दोन महिने झाले होते. आज सकाळी क्लारिसनं दर्शनी भिंत खरवडली, पोपडे भिजवले आणि नव्या माती-शेणात कालवले.

"मला विचारायचं तरी."

"रोगण आणताना तुम्ही मला विचारलंत?"

"अगं, तिचं काम टिकावं म्हणून."

"ती दर वर्षी स्वतःच खरवडायची. तिला कळत नव्हतं होय?"

मावशी गच्चीवर कणगीचं झाकण सारखं करत होती. तिथूनच म्हणाली, "साहेब, आत येऊन पाणी तरी प्या. वाकून हं."

संबिएनी वाकले, तरी कपाळ ठेंगण्या दारावर आपटलंच.

"पूर्वी गुलाम करायला माणसं धरून न्यायला घोडेस्वार यायचे ना, तेही असेच आपटायचे," मावशी म्हणाली. "त्यांना आमचे आजे गच्चीच्या भोकातून बाण द्यायचे. तुम्हाला पाणी देतोय."

संबिएनी कपाळ चोळत हसले. बाहेर आल्यावर मात्र हलकेच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येतायत. तिच्या रेघा बघायला येतायत, तुझ्या नाही. त्यांना दुसऱ्या घरी न्यावं लागेल मला."

"न्या."

"मागाहून रडशील."

क्लारिसचे हात थांबले. खरवडण्याआधी दाराजवळच्या आईच्या एका रेघेत तिनं आपलं बोट ठेवून पाहिलं होतं. ते सैल बसलं होतं.

"रडेन की," ती म्हणाली. "पण रोगण लावलं की या भिंतीला पुन्हा कुणाचा हात लागणार नाही. थडगं होईल तिचं. मला इथे राहायचंय, साहेब."

संबिएनींनी डबा उचलला आणि ते निघून गेले.

मावशी शिडीवरून खाली उतरली. भिंतीवर माती थापून झाली तेव्हा क्लारिसच्या कानाशी येऊन म्हणाली, "तिसरं बोट जरा हलकं टेक. ओळखतील तरी लोक."

क्लारिसनं तीन बोटं टेकवली आणि एका दमात खाली ओढली. तिन्ही रेघा सारख्याच खोल उमटल्या.

ती मागे सरून तिसऱ्या रेघेकडे पाहत राहिली. मग पुढच्या रेघांसाठी हात पुन्हा घमेल्यात घातला.