सत्तेचाळीस माणसांचा तक्ता

"पुस्तकातले आकडे नकोत," हेमाबाई म्हणाल्या. "तुमच्या रोजच्या कामातले आणा. पुढच्या शुक्रवारी प्रत्येकानं एक तक्ता करून यायचं."

बहारीनमध्ये, मनामातल्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून अकरा माणसं बसली होती. हेमाबाई त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, कामगारांना संख्याशास्त्राची तोंडओळख करून द्यायच्या. एक ड्रायव्हर बसच्या वेळा मांडणार होता, एक स्वयंपाकी रोज किती चपात्या उरतात ते मोजणार होता. शेवटच्या बाकावरच्या शंभू आंब्रेनं हात वर केला.

"बाई, माझ्याकडे आजारी माणसांचं रजिस्टर आहे. चालेल?"

"चालेल की. आणा."

शंभू अडतीस वर्षांचा होता. गुहागरला एका डॉक्टरांकडे बारा वर्षं कंपाउंडरकी करून तो बहारीनला आला होता. हमद टाउनला घरं बांधणाऱ्या एका कंपनीत तो ड्रेसर होता. साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि उन्हानं भोवळ येऊन पडलेल्यांना गार पाण्याच्या घड्या घालायच्या, हे त्याचं काम. मॅट्रिकला तो गणितातच दोनदा नापास झाला होता.

त्र्याऐंशी सालचा तो उन्हाळा वाईट होता. जुलैच्या मध्यावर मंडणगडचा तुकाराम विटा वाहता वाहता पडला. शंभूनं त्याला उचलून केबिनमध्ये आणलं, अंगावर पाणी ओतलं, गाडीत घालून इस्पितळात नेलं. संध्याकाळी तो गेला. दोन दिवसांनी शंभू साइट इंजिनियरांकडे गेला. ते पुण्याचे, कडक पण सरळ गृहस्थ होते.

"साहेब, माणसं फार पडतायत."

"आंब्रे, साइटवर सहाशे तीस माणसं आहेत. तुमच्याच रजिस्टरप्रमाणे दिवसाला सरासरी एकसुद्धा पडत नाही. झालं ते वाईट झालं. पण आखातात उन्हाळा असाच असतो."

शंभू केबिनमध्ये परत आला. काहीतरी चुकतंय हे त्याला कळत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. त्याच आठवड्यात सित्र्याला कामगार राहायचे त्या कॅम्पमध्ये भिंतीवर हेमाबाईंच्या वर्गाची चिठ्ठी लागली आणि त्यानं नाव दिलं.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी तो जून-जुलैचे आकडे घेऊन आला. कामाचे बावन्न दिवस, भोवळ येऊन पडल्याच्या पन्नास नोंदी.

"इंजिनियर साहेब बरोबरच बोलले, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "दिवसाला एकसुद्धा नाही."

हेमाबाईंनी कागदावरच्या एका तारखेवर बोट ठेवलं. "या सोमवारी किती आले होते?"

"चार."

"मंगळवारी?"

"तीन."

"आणि आदल्या आठवड्यात?"

"कोणीच नाही."

"मग सरासरी राहू दे बाजूला. प्रत्येक दिवसाची एक उभी रेघ काढा, जितकी माणसं तितकी उंच. रेघा कुठं वर जातात ते बघा. आणि एकच माणूस दोनदा आला असेल तर एकदाच धरा."

तिघं जण दोनदा आले होते. उरली सत्तेचाळीस माणसं. शंभूनं आलेखाच्या कागदावर रेघा काढल्या. बरेच दिवस मोकळे आणि मध्येच तीन ठिकाणी रेघांचे झुबके. त्याला आधी वाटलं, ते दिवस जास्त तापले असतील. पण ज्या दिवशी पत्र्याला हात लावता येत नव्हता, त्या दिवशी रेघच नव्हती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लतीफ डोकावला. हा रत्नागिरीचा, साइटवरचा टाइमकीपर. सगळ्यांची हजेरी त्याच्या हातात.

"काय काढताय, शंभूभाऊ? ही तारीख मला आठवते. आदल्या दिवशी मुंबईची बॅच उतरली. मीच गेलेलो बस घेऊन एअरपोर्टला."

"आणि ही?"

"त्याच्या आधी केरळची आलेली."

शंभूनं पेन्सिल खाली ठेवली. "लतीफभाई, हजेरीचं पुस्तक आणा."

तीन दिवस दोघं सुट्टीत त्यालाच बसले. शंभू नाव वाचायचा, लतीफ तो माणूस कामावर कधी लागला ते सांगायचा आणि पडला तो त्याचा कितवा दिवस होता, ते शंभू लिहायचा. सहावा. तिसरा. दुसरा. दोनशेवा. पाचवा.

"तुकाराम," शंभू म्हणाला आणि थांबला.

लतीफनं पान उलटलं. "अकरा जुलैला लागला."

"चौदाला पडला. चौथा दिवस." पेन्सिल कागदावर टेकवून तो तसाच बसला. "लतीफभाई, ह्याला असा रेघेत घालू का? बरं दिसत नाही."

"घाला," लतीफ म्हणाला. "त्याला सोडून तक्ता कसा होणार?"

शंभूनं चार लिहिले.

सत्तेचाळीसपैकी एकोणतीस माणसं पहिल्या सात दिवसांत पडली होती. शंभू उत्साहानं वर्गात सांगू लागला, तेव्हा हेमाबाईंनी त्याला अडवलं.

"हे अर्धंच झालं. नवे आले एकूण किती? साइटवर बहुतेक नवेच असतील तर यात विशेष काय?"

शंभू ते विचारून आला होता. दोन महिन्यांत नवे नव्वद, जुने पाचशे चाळीस. बाईंनी खडू त्याच्या हातात दिला. तो फळ्याशी गेला. भागाकार सावकाश केला, दोनदा तपासला. नव्यांमध्ये जवळजवळ तिघांत एक पडत होता. जुन्यांमध्ये तिसांत एक.

मग चपात्या मोजणारा स्वयंपाकी हळूच म्हणाला, "मी पण पहिल्याच आठवड्यात पडलो होतो. मला वाटलं, मीच कच्चा."

शनिवारी शंभू धुतलेला शर्ट घालून इंजिनियरांच्या ऑफिसात गेला. तिथं नजीबही होता. तो बहारीनी, साइटवरच्या सुरक्षेचं काम बघायचा; मनामाच्या बाजारात हिंदी शिकलेला. इंजिनियरांनी कागद पाहिला.

"पुन्हा तेच? दिवसाला एकसुद्धा..."

"साहेब, तुमची सरासरी बरोबर आहे," शंभू म्हणाला. "पण ती सहाशे तीस जणांची आहे. पडतायत ते हे नव्वद. यांची वेगळी काढून बघा."

इंजिनियरांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतः हिशेब केला. पुन्हा केला.

नजीब खुर्ची ओढून कागदावर वाकला. "बुदैया में मेरे बाप का खेत है," तो म्हणाला. "नया आदमी को हम भी पहला हफ्ता पूरा धूप में नहीं डालता. ये सच बात है."

"काम मागे पडेल," इंजिनियर म्हणाले.

"सात दिवसच, साहेब. सावलीतलं काम द्या. सळया बांधू देत, फरशा निवडू देत. रोज थोडं थोडं ऊन वाढवा."

इंजिनियरांनी कागद पुन्हा उचलला. "शिकलात किती हो तुम्ही?"

"मॅट्रिक नापास. गणितात."

त्यांनी मान हलवली आणि कागदाची घडी न करता तो फायलीत ठेवला.

आठवडाभरात नोटीस लागली. नव्या माणसांना पहिले सात दिवस सावलीतलं काम, दुपारी दोन तास विश्रांती. खाली इंजिनियरांची सही होती.

"तुमचं नाव कुठाय यात?" लतीफ चिडला. "नजीबला सांगतो मी."

"कशाला? आकडे बघा. सात दिवस लिहिलंय. मी सांगितले तेवढेच." शंभूनं नोटीस पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. त्या दिवशी साइटवरून केबिनकडे येताना तो मुद्दाम तिच्यासमोरून दोनदा गेला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये चाळीस माणसं आली. भिंतीच्या सावलीत फरशा निवडायला बसवल्यावर त्यांची कुरकुर सुरू झाली. चिपळूणकडचा दत्ताराम तर उठूनच उभा राहिला.

"आम्ही काय आजारी आहोत काय? गावाला उन्हातच वाढलो आम्ही."

"तिथलं ऊन वेगळं," शंभू म्हणाला. "बसा. पाणी प्या."

आठव्या दिवशी सकाळी दत्ताराम केबिनसमोरून गेला. शंभू दारात उभा होता, पण दत्तारामनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो सरळ परांचीवर चढला आणि खालून येणाऱ्या विटेसाठी त्यानं हात पुढे केला. त्याच्या मागून बाकीचे चढले. शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत शंभू दारातच थांबला.

दुपारी लतीफ डबा घेऊन आला. केबिनमध्ये बसायला दुसरी जागा नव्हती. दोघांनी रोग्याच्या रिकाम्या खाटेवर वर्तमानपत्र पसरलं आणि ते जेवायला बसले.