न तुटलेला सातवा

मी एक तुकडा बोलतोय. वीतभर लांब, कमरेत बारीक, रंगाने काळाकुट्ट. अंगावर पांढऱ्या शाईने सातचा आकडा आहे. आमच्या कुळाला आयुष्यात एकच काम, तुटायचं. चाचणीचं यंत्र दोन्हीकडून चिमट्यात धरून ओढतं, किती ताण सोसला ते वहीत लिहितात, झालं.

माझे सहा भाऊ असे सार्थकी लागले. मी मात्र तीन आठवडे टेबलाच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात अडकून पडलोय. न तुटता पडून राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

मला घडवलं संशोधक बाईंनी. नायलॉनमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळून त्यांनी स्वतः तार ओढली, रिळावर गुंडाळली. त्यापायी दोन वर्षं गेली. छपाईयंत्र ती तार वितळवून थरावर थर घालतं. तार मोठी नखरेल, उघड्यावर ठेवली की हवेतली ओल पिऊन बसते. म्हणून रीळ कायम गरम पेटीत ठेवायचं, हा दंडक बाईंचाच.

सहा भाऊ छापून झाले आणि बाईंच्या बाबांचा फोन आला. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेलाय. बोलत बोलत बाई बाहेर गेल्या आणि रीळ दिवसभर उघड्यावर राहिलं. संध्याकाळी त्यांनी तसंच यंत्र सुरू केलं. माझे थर पडताना तडतड आवाज झाला, तारेतली ओल वाफ होऊन फुटत होती; अशाने थर कच्चे राहू शकतात. बाई थबकल्या, पण यंत्र थांबवलं नाही. उरलेल्या तारेतून त्यांनी बाबांसाठी कृत्रिम पाऊल छापलं आणि रीळ संपलं.

चाचणीयंत्र सांभाळणारे काका भारी काटेकोर.

"पोरी, वहीत सात लिहिलेत. आले सहाच."

"एक हरवला, काका."

"आतापर्यंत तुझ्याकडून टाचणी हरवली नाही."

बाई खाली मान घालून वही चाळत राहिल्या. मला त्यांचा राग आला. मग कीवही आली, कारण मी खणात कोंडलोय आणि त्या एका वाक्यात.

आज बाबांचा आवाज फोनमधून खणापर्यंत आला. "उद्या येताना लिफ्टने येईन, पण जाताना नाही हं. तुझं पाऊल लावायचं आणि परत जाताना तिन्ही मजले जिन्याने उतरायचे."

बाई हसल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी पाऊल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग खण उघडून त्यांनी ते पाऊल माझ्या शेजारी ठेवलं आणि कुलूप लावलं. आता अंधारात आम्ही दोघं. तार एकच, ओलही एकच.

बाई, मी कच्चा आहे की पक्का, मलाही ठाऊक नाही. कच्चा निघालो तर पुन्हा तार ओढायला महिने लागतील, बाबा हिरमुसतील, काका चार शब्द ऐकवतील. ऐकून घ्या. पण ते उत्तर बाबांना जिन्यात मिळू देऊ नका.

उद्या खण उघडाल, तेव्हा पावलाआधी मला उचला.