बर्फाला निघालेल्या चौघी

दामिनीची बर्फातली सहल तिच्या नवऱ्यानं परस्पर रद्द केली आणि हे तिला आठवड्यानं कळलं. तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. हातमोजे कसले घ्यायचे हे विचारायला तिनं सकाळी ताराला फोन लावला, तर तारा गोंधळून हिंदीत म्हणाली, "पण तुम्ही तर येत नाही ना? चौघींच्याही घरून तसंच सांगितलं मला."

तारा हिमाचलातली गाईड. जिथे रोपवे नाही, हॉटेल नाही, अशा डोंगरात ती लोकांना नेते. आधी जाळीचे रुंद जोडे घालून बर्फात चालायला शिकवते, मग पायात स्की. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून आपल्या पायांनी वर चढायचं, पट्टी काढायची आणि घसरत खाली यायचं. प्रतापनगरच्या बागेत रोज सकाळी फिरणाऱ्या चार बायकांना एवढं ऐकूनच वेड लागलं होतं. दामिनी, तिची शेजारीण गोपिका, साठी ओलांडलेल्या यमुताई आणि त्यांची सून वैदेही. दामिनीच्या माहेरून, नरखेडहून आलेली संत्री पाठीवरच्या पिशवीत भरून त्या दिवाळीपासून सोसायटीचे जिने चढत होत्या. लोक हसायचे. यमुताई त्या हसणाऱ्यांच्या हातावर एकेक संत्रं ठेवून पुढे जायच्या.

मग बिनसलं कुठे? ताराने प्रत्येकीचा फोन नंबर मागितला होता, तिथे. गॅस असो, शाळा असो की साडीचं दुकान, नंबर विचारला की आपल्या बायकांच्या तोंडून नवऱ्याचाच नंबर निघतो. दामिनी एवढी शहाणी, पण तिनंही सुशीलचाच दिला. गोपिकाने रुपरावांचा दिला. यमुताई आणि वैदेही, दोघींनी मिळून एकच दिला, अनिशचा. एकीचा तो मुलगा आणि दुसरीचा नवरा. ताराने बिचारीने त्याला दोनदा फोन केला आणि त्याने दोनदा नाही सांगितलं.

"मला प्रत्येकीशी बोलायचं होतं," तारा म्हणाली. "बर्फ घसरून कुणी खाली गाडली गेली, तर अंगावरच्या यंत्राच्या इशाऱ्यावरून शोधून तिला उकरून काढणारी तिच्या शेजारचीच बाई असते. जिचा आवाजही मी ऐकला नाही तिला कशी नेऊ? आणि चौघींपेक्षा कमी असल्या तर मी निघत नाही. आज संध्याकाळपर्यंत चौघी आपापल्या तोंडानं बोला. नाहीतर या तारखा दुसऱ्यांना देते."

सुशील खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. आज सुटी होती, तर्री-पोहे खात निवांत बसला होता. तो वाईट माणूस नव्हता, आणि पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

"त्या ताराले तुमी नाही म्हटलं?"

"हाव. तुले सांगायचंच राहून गेलं."

"अन् मले इचारलं काहून नाही?"

सुशीलने चमचा खाली ठेवला. "इचारलं असतं तं तू हो म्हटलं असतं."

दामिनीला हसू यायला हवं होतं, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. पंचवीस वर्षं या माणसाबरोबर काढली. तिला काय हवं ते त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्यानं विचारलं नाही. तिनं चपला घातल्या.

"कुठी चालली?"

"बर्फात," ती म्हणाली आणि बागेकडे निघाली. वाटेतच तिघींना फोन करून बागेत बोलावलं.

यमुताईंना तर वेगळंच सांगितलेलं होतं. "काल रात्रीच अनिश म्हणाला, तिकडचंच रद्द झालं, माणसं भरली नाहीत. किती साध्या चेहऱ्यानं म्हणाला. मी त्यालाच, जाऊ दे बेटा, म्हणून समजावत बसले." वैदेही सासूकडे बघत होती. दोघींचं घरात फारसं पटायचं नाही, पण आज दोघींचा राग एकाच माणसावर होता. ताराला आधी सासू बोलली, मग सून. वैदेहीने तर फोन ठेवताना हेही विचारून घेतलं, की आईंना मीच शोधायचं का, यंत्र कसं चालतं ते आधी मला शिकवा.

गोपिका मात्र बाकावरून उठेना.

"मी नाही येत वं. आमचे हे नाही म्हणते म्हणून नाही, मले खरंच भेव लागते."

गोपिका नाही म्हणाली की सगळंच बुडालं. हातापाया पडावं, असं तिला वाटून गेलं. पण मग तिच्यात आणि सुशीलमध्ये फरक काय उरला असता?

"नाही तं नाही," ती म्हणाली. "पण तूच सांग तिले. तुह्या फोनवरून. रुपरावभाऊचं 'नाही' मी चालू देत नाही."

गोपिका फोन घेऊन झाडाखाली गेली. तिची मोडकीतोडकी हिंदी तिघींना ऐकू येत होती. बर्फाची भीती नाही, पडायची नाही. सगळ्या पुढे जातील आणि मी एकटी मागे राहीन, याची आहे. मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते.

"तारा म्हणते, सगळ्यात हळू चालणारी माह्या पाठीलाच लागून राहते. बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालाचं." गोपिकाने यमुताईंकडे पाहिलं. "मी हो म्हटलं."

घरी आली तर सुशील दारातच उभा होता. तेवढ्या वेळात विचार करून त्यानं तोड काढली होती.

"चाल, मीबी येतो तुह्यासंगं. कोणी पाहाले पाहिजे ना तुमच्याकडं."

त्याच्या आवाजात काळजी खरी होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी ती विरघळलीही असती.

"नको. चौघी आहो आमी."

"रागानं बोलून राहिली तू."

"हाव, रागानंच बोलून राहिली. अन् रागानंच जाईन."

सुशील दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "अन् त्या ताराचा मले फोन आला तं? मी काय सांगू तिले?"

"तुमाले नाही येत आता," दामिनी म्हणाली. "तिले मी माहा नंबर दिला."