बिनवासाचा नोव्हेंबर

आमच्या घरात नोव्हेंबरला वास नसे. आमच्या उत्तरेच्या थंड मुलखात पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि एक तारखेपासूनच बाबा घरातला वास हद्दपार करायचे. कांदा बंद, बेकन बंद, कॉफी बंद. अंगाला, कपड्यांना, भांड्यांनासुद्धा बिनवासाचा साबण. शिकारीचे कपडे उघड्यावर वाळवायचे आणि देवदाराच्या डहाळ्यांसकट घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवायचे. आणि बाबा स्वतः चौदा रात्री सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत झोपायचे, कारण आईच्या अंगाला वेलचीचा वास येई.

तो जाणार कसा? आई आठवड्यातून दोनदा वेलची घालून गोड पाव भाजायची. केक म्हणा, पाव म्हणा, आम्ही त्याला पुल्ला म्हणतो. शेजारणींना ती सांगायची, की बायकांचे नवरे दुसऱ्या बाईसाठी घर सोडतात, माझा हरणासाठी सोडतो.

बाबांचं म्हणणं साधं होतं. हरीण डोळ्यांनी फसतं, कानांनी फसतं, नाकानं फसत नाही. त्यांच्या खिशात हवेत तरंगणाऱ्या रुईच्या म्हाताऱ्यांची डबी असे. मचाणावर बसलं की एक सोडायची. ती जाईल तिकडे आपला वास जातोय, असं समजायचं. शेजारचा वाल्फ्रिड मात्र सिगार ओढत बसे आणि दरवर्षी हरीण घेऊन येई. "आर्मस, एवढं नको रे धुऊस," तो म्हणायचा, "एक दिवस बायको ओळखायची नाही तुला." बाबा वाद घालत नसत.

आईनं सूड एकदाच घेतला. मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. पाव भाजताना डोक्याला बांधायचा निळा रुमाल तिनं घडी करून बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात सारला. त्या सकाळी अकरा टोकांच्या शिंगांचा नर साठ पावलांवर आला, त्यानं मान वर केली, आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून तो पसार झाला. बाबांना खिशात रुमाल सापडला. घरी येऊन त्यांनी तो जॅमच्या रिकाम्या बरणीत कोंबला, झाकण आवळलं आणि बरणी छपरीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. वर पेन्सिलीनं, आईच्या नावानिशी, चिठ्ठी: 'अकरा टोकं. ऐलीमुळे.' दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आईला हसू फुटलं, मग बाबांनाही. ती बरणी पुढे बरीच वर्षं घरातली थट्टा होती. मग थट्टा शिळी झाली आणि आम्ही विसरलो.

आई या मार्चमध्ये गेली. तेव्हा तळ्यावरचं बर्फही फुटलं नव्हतं.

मी चार तासांवर राहते. बाबांनी हा नोव्हेंबर एकट्यानं काढू नये म्हणून सुट्टी घेऊन आले, आणि आल्या आल्या कंबर कसली. सगळं त्यांच्या नियमानं करायचं होतं मला. पडदे धुतले, पांघरुणं धुतली, उशांचे अभ्रे धुतले. झोपायच्या खोलीच्या दारामागे खुंटीवर आईचा करडा स्वेटर होता. राहून गेला असेल, असं वाटलं मला. तोही धुतला. शहाणपणा म्हणतात तो हाच.

संध्याकाळी बाबा दोरीवरचे कपडे काढायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं, त्यांनी स्वेटर तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. तेव्हा मला कळलं, तो राहून गेला नव्हता, ठेवलेला होता.

ते आत आले. स्वेटर नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"छान धुतलंयस," म्हणाले. "काही वास नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडत माफी मागायला लागले, तर त्यांनी मलाच पाणी आणून दिलं. मग सांगितलं. आठ महिने रोज झोपताना एकदा, फक्त एकदाच, ते तो स्वेटर हुंगायचे. जास्त हुंगला तर संपेल, अशी भीती.

"एकेचाळीस वर्षं," ते म्हणाले. "दर वर्षी चौदा रात्री. तिचा वास लागू नये म्हणून मी बाहेर झोपलो, सायमा."

मी स्वेटर उचलून पुन्हा त्याच खुंटीला अडकवला.

पुढचे दिवस आम्ही लाकडं आणि वारा यांच्याबद्दलच बोललो. पंधराच्या सकाळी दोघं मचाणावर चढलो. बाबांनी म्हातारी सोडली. ती आमच्या पाठीमागे दलदलीकडे तरंगत गेली. वारा चांगला होता. तासाभरानं एक मादी आली आणि तिच्यामागून नर, मोठा, जाड मानेचा. त्यानं आमच्या दिशेनं नाक वर केलं, काहीच सापडलं नाही, तसा चरायला लागला. बंदूक बाबांच्या मांडीवर तशीच होती.

"त्याला कळतच नाहीये," ते कुजबुजले, "की इथं कोणी आहे."

नर चरत चरत निघून गेला. मला तो दुसरा आठवला, पळालेला. आणि तो कशानं पळाला तेही आठवलं.

"बाबा, आईची बरणी कुठाय?"

त्यांनी बंदुकीतली गोळी काढली. मग शिडी उतरले, त्या वयाच्या माणसानं उतरू नये इतक्या घाईनं.

बरणी छपरीत, वरच्या फळीवर रंगाच्या डब्यांमागे होती. झाकण गंजलेलं, चिठ्ठी मात्र अजून वाचता येत होती. मी झाकणाला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. इथं नाही, म्हणाले, इथं पेट्रोलचा वास आहे. आत काहीच उरलं नसेल तर, हेही तेच म्हणाले. बावीस वर्षं झाली होती. मला न उघडताच परत ठेवावंसं वाटलं.

आम्ही सौनात गेलो. चूल थंड होती. दोघांनी बिनवासाच्या साबणानं हात धुतले. बाबांनी दार लावलं, झरोक्यात टॉवेल कोंबला आणि डबीतून एक म्हातारी सोडली. ती सरळ खाली आली आणि बाकावर टेकली. हे सगळं मी जन्मभर पाहत आले होते. फक्त आज शिकार बरणीत होती.

चाकूचं पातं झाकणाच्या कडेत घालून त्यांनी ते सैल केलं आणि खाली वाकले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी लगेच झाकण लावलं आणि तळव्यानं दाबून धरलं.

"वेलची," ते म्हणाले. झाकणावरचा हात न काढता म्हणाले, "आणि जरासा तिचा राग."

मग डोळे पुसून बरणी माझ्याकडे सरकवली.

"एकच श्वास घे. आणि झाकण घट्ट लाव. पुढच्या नोव्हेंबरला लागेल."

मी आधी बाकावरच्या म्हातारीकडे पाहिलं. ती जराही हलली नव्हती. मग मी झाकण उघडलं.