कोंबड्यांचं निमित्त

गंगुबाईने कोंबडी काखेत दाबली आणि तिच्या मानेवर फुंकर घातली. पिसं दुभंगली, खालची गुलाबी कातडी दिसली. बोटाचं पेर तिच्यावरून फिरवताच बारीक, टोकदार खुंट हाताला लागले.

“पिसवा नाय, काय नाय,” ती म्हणाली. “जुनी पिसं गेली, नवी येतायत. पावसाळा सरला की दरसालचंच हाय हे. ह्याला काय रोग म्हनायचा, विहीणबाई?”

सगुणाबाई सूप हातात धरून उभी होती. सुपात दाणे नव्हतेच.

“आलाव तर समद्याच बगा,” ती म्हणाली.

कोलशेतच्या होडीवाल्याने निरोप आणला होता, विहिणीच्या कोंबड्या उघड्या पडल्यात, लवकर या. कोंबड्यांतलं गंगुबाईला कळतं हे दिवा गावाच्या आसपास सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा आगगाडीच्या रुळांवर खडी टाकायला गेला होता. घराला कडी घालून ती निघाली. लेक मालन याच घरात दिलेली. श्रावणात मालनचा तीन महिन्यांचा मुलगा तापाने गेला, तेव्हा गंगुबाई येऊन गेली होती. त्यानंतर आजच.

तिने दुसरी कोंबडी धरली. हिची पाठ उघडी होती.

“हिच्यावर कोंबडा सारखा चढतो. त्याला चार दिवस टोपलीखाली कोंडा.”

तिसरी, काळी, कोनाड्यातल्या टोपलीत फुगून बसली होती. गंगुबाईने हात घालताच तिने चोच मारली. पोटाखाली एकही पीस नव्हतं. कातडी तव्यासारखी गरम लागत होती.

“ही खुडूक हाय. आपली आपनच उपटते. अंड्यांना कातडीची ऊब लागावी म्हनून.”

“अंडी मुंगसानं कवाच नेली,” सगुणाबाई म्हणाली. “तरी बसते. तरी उपटते.”

“बसनारच. तिला कुठं कळतंय?”

“मग काय करावं?”

“उठवावं. एकदम ओढू नये, चोच मारते. दाने दाखवावे, चौघींत सोडावं. उठते कवातरी.”

सगुणाबाईने मान हलवली. आणखी काही विचारणार असं वाटलं, पण तेवढ्यात मालन विहिरीवरून हंडा घेऊन आली आणि सगुणाबाई रिकामं सूप झटकू लागली.

मालन वाळली होती. आईला बघून हसली, पण पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. माहेरचं माणूस समोर असताना एवढा कसला पदर, म्हणून गंगुबाई तेलाची वाटी घेऊन तिच्या मागोमाग आत गेली.

“बस. केसांना तेल लावते.”

“नको, आये. कालच लावलं.”

“बस म्हनते ना!”

तिने लेकीचा पदर मागे सारला. उजव्या कानामागे तळहाताएवढी जागा उघडी होती. गंगुबाईचा तेलाचा हात तिथेच थांबला.

“कोनी ओढले?”

“कोनी नाय. बाळंतपनानंतर केस जातात ना गं?”

जातात. पण ते सगळीकडून विरळ होतात. इथे बाकीचा अंबाडा पहिल्यासारखाच दाट होता. उघड्या जागेत तुटके केस उभे होते, कुठे जवाएवढे, कुठे त्याहून लहान.

गंगुबाई वाटी तिथेच टाकून परसात आली.

“माझ्या पोरीच्या केसांना हात घातला कुनी? तुमी का जावयानं?”

सगुणाबाई चिडली नाही. तिने सूप भिंतीला टेकवलं, विहिणीचं मनगट धरलं आणि तिला दाराच्या फटीपाशी उभं केलं.

आत मालन भिंतीला टेकून बसली होती. समोर सांडलेलं तेल जमिनीत मुरत होतं. तिचा हात सावकाश कानामागे गेला. एक बट बोटाभोवती गुंडाळली गेली आणि हिसका बसला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. उपटलेले केस तिने मांडीवर ठेवले आणि हात पुन्हा वर गेला.

“रोज?” गंगुबाईने विचारलं.

“पोर गेल्यापासनं. मी हात धरून बसते. रानात गेले की परत तेच. माझ्या उत्तमला बगवत नाय. तो मिठागराच्या बांधावरच निजतो.”

“मग निरोप तसा का नाय धाडला?”

“होडीवाल्याच्या तोंडी?” सगुणाबाईचा आवाज खाली गेला. “साऱ्या बंदराला कळलं असतं. भुताचं झाड लागलं म्हनून तिला भगतापुढं बसवली असती. झोडपतात तिथं.”

गंगुबाईने मागे वळून खुराड्याकडे पाहिलं. खालची जमीन झाडलेली होती. भेगांत चुना भरला होता, कोपऱ्यात कोंबड्यांना लोळायला राख टाकली होती. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईचं खुराडं होतं ते. या बाईला पिसं झडण्याचा हंगाम कळत नव्हता?

“हिला घेऊन जाऊ?” तिने विचारलं.

“मी म्हनाले तिला. आईकडं जा, चार महिने ऱ्हा. म्हनाली, माझा बाळ हितं खाडीच्या कडंला पुरलाय, मी कशी जाऊ?”

गंगुबाई आत गेली आणि लेकीच्या उजव्या अंगाला बसली. वर निघालेला हात तिने वाटेतच धरला. बोटं आतल्या आत ओढ घेत होती.

“आये, दुखत नाय मला.”

“ठाऊक हाय, बाय.”

सगुणाबाई आली. डाव्या अंगाला बसली आणि तिने मालनचा दुसरा हात मांडीवर घेतला. दुपार कलत होती. मालनची बोटं बराच वेळ चाळवत राहिली, मग सैल पडली. तिचं डोकं कलंडलं. ते आईच्या नाही, सासूच्या खांद्यावर टेकलं.

गंगुबाईने ते पाहिलं आणि नजर खाली वळवली.

बंदरावरून होडीवाल्याची हाक आली. भरतीचं पाणी फिरलं होतं, परतायची वेळ झाली होती.

“शेतात भात उभं असंल तुमचं,” सगुणाबाई कुजबुजली.

“हाय.”

“पाखरं खातील.”

“खाऊ दे.”

हाक पुन्हा आली. गंगुबाईने मालनच्या बोटांत आपली बोटं गुंतवली आणि पाय लांब करून बसली.