डाव्या बाजूचे चौकोन

सव्वा वाजता मुलांच्या अतिदक्षता विभागातून डॉक्टर हॅल्वर्सनचा फोन आला. नऊ आठवड्यांची मुलगी, झटके थांबत नव्हते. एकच नवं औषध उरलं होतं, मोठ्यांना देतात ते. "एवढ्या लहान बाळाला कुणी दिलंय का, किती दिलं, काय झालं, शोध. दोनला सुरू करतोय मी."

माझं बाळ अकरा आठवड्यांचं. अमेरिकेतल्या डुलुथच्या या हॉस्पिटलच्या ग्रंथालयात कामाला लागून मला चारच दिवस झाले होते.

वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये औषधाचं नाव टाकलं, 'झटके' टाकलं, डावीकडच्या चौकोनांत खुणा केल्या: फक्त माणसं, फक्त तान्ही बाळं. शून्य लेख. पुन्हा शून्य. छातीत दूध दाटून आलं होतं. तशीच उत्तर लिहायला लागले, 'काही आढळलं नाही.'

"काय गं बाळंतिणी, आवरलंस पण?" मागे लोरेन, हातात टर्कीचं सँडविच. पंचवीस वर्षं हे ग्रंथालय तिचं.

"काहीच नाहीये."

"जगात नाहीये, की तुझ्या चाळणीत नाहीये? खुणा काढ त्या."

"उंदरांवरचे लेखही येतील मग!"

"येऊ देत, चावत नाहीत. अगं, लेख आल्या आल्या त्याला 'माणूस', 'तान्हं' अशा चिठ्ठ्या लागतात का? कुणीतरी मागाहून लावतं. ताज्या लेखांना चिठ्ठीच नसते, मग तुझे चौकोन त्यांना हाकलणारच."

खुणा काढल्या. चारशे बारा लेख. घड्याळात एक अडतीस.

"एवढे कधी वाचू?"

"वाचू नकोस. लिहिणाऱ्याने बाळाला काय म्हटलं असेल, ते सगळे शब्द टाक."

नवजात, तान्हं, अर्भक, बाळ. यांतलं कुठलंही चालेल असं डेटाबेसला सांगितलं. सोळा लेख. तिसरा लेख नऊ दिवसांपूर्वीचा.

मी फोन लावला. "वजनाप्रमाणे नेहमीचा डोस दिला तर दोन बाळांच्या हृदयाचे ठोके घसरले. तिसऱ्याला अर्धा दिला, सावकाश. झटके थांबले, ठोके नीट राहिले. लेख पाठवलाय."

"तीनच बाळं?"

"तीनच."

तो वाचत होता. मला यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग, माझ्याशी नव्हे, तिथल्या नर्सशी, "इंग्रिड, थांब. ती सिरिंज नको. अर्धा डोस भर."

साडेतीनला पुन्हा फोन. "झटके थांबले. ठोके छान आहेत."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. लोरेनने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "रडून घे, पोरी. मग कसं शोधलंस ते ओळीने लिहून ठेव. नियम आहे."

मी लिहिलं: पहिल्या शोधात शून्य लेख. चौकोनांवर विसंबले, चूक माझी.