आडवा चांद

चंद्रावर माणूस फिरून आला हे ऐकल्यापासून नुरुद्दीनच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. बरं, एकदा जाऊन गप्प बसावं, तर तेही नाही. पावसाळ्यात दोघे उतरून आले, रमजान लागल्यावर आणखी दोघे उतरले. चांद म्हणजे काय तारकर्लीचा किनारा, की वाटेल त्याने उतरावं आणि खडे गोळा करून न्यावेत?

गावात दुसऱ्या कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. नुरुद्दीनला पडलेलं होतं, कारण तारकर्लीजवळच्या त्या लहानशा मुसलमान वस्तीत चांद बघायचं काम त्याचं होतं. कुणी नेमलं नव्हतं म्हणा. पण तरुणपणापासून त्याची नजर तिखट, आणि तोंडातून खोटं निघायचं नाही. ईदचा चांद दिसला असं दोन भरवशाच्या माणसांनी सांगावं लागतं, तेव्हा कुठे मौलवी ईद जाहीर करतात. त्या दोघांतला एक नुरुद्दीन ठरलेलाच.

त्याचा मुलगा गनी मालबोटीवर खलाशी. वर्षानुवर्षं विलायतेकडेच. यंदा रजेवर आला तो मुंबईहून चंद्राचे फोटो छापलेला पेपर घेऊनच. मोठ्या हौसेने बापाला समजावायला बसला. चांदाला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा पडतो तेवढाच. वर वारा नाही, पाऊस नाही, म्हणून माणसांची पावलं उमटली ती तशीच राहणार. आणि चांद काही वाढत नाही की घटत नाही, कायम अख्खाच असतो. उजेडातली कड तेवढी आपल्याला दिसते.

"अख्खो असता?" नुरुद्दीन म्हणाला. "मगे इतकी वर्सां मी साक्ष कसली दिलंय?"

गनी हसला. म्हाताऱ्याला मात्र हसू येईना. वर गेलेल्या माणसाला ईद करायची झाली तर त्याने बघायचं कुठे, चांद तर त्याच्या पायाखाली, असं त्याने विचारलं. तेव्हा गनीने हात टेकले.

अशात एकोणतिसावा रोजा आला. गनीची रजा संपली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मालवणहून मुंबईची बोट होती. आज चांद दिसला तर उद्या ईद. सकाळी नमाज, गळाभेट, घरची सांदणं खाऊन गनी दुपारी निघाला असता. नाही दिसला तर तिसावा रोजा, आणि ईदच्या दिवशी गनी दर्यात. कितीतरी वर्षांत त्याला घरची ईद मिळाली नव्हती. त्याची बायको सलीमा हिने तर सांदणांसाठी तांदूळ सकाळीच भिजत घातले होते. नुरुद्दीन येताजाता ते पातेलं बघत होता. आज चांद दिसायलाच हवा होता.

संध्याकाळी सगळे पुरुष वाळूवर जमले. सूर्य बुडाला, आणि नेमका समुद्रावर ढगांचा पट्टा. नुरुद्दीन डोळ्यांत तेल घालून बघत होता. एवढ्यात ढग जरासा फाटला आणि त्याला चांद दिसला. कोरलेल्या नखाएवढा, आडवा, पाण्यावरच्या होडीसारखा. त्या कडेच्या आत बाकीचा चांदही अंधुकसा, राखाडी, अख्खा दिसला. आजवर त्याने तो असा कधी पाहिला नव्हता. तो चरकला. हे आपण बघतोय, की गनीचं बोलणं डोळ्यांत शिरलंय? की आपल्याला हवा आहे म्हणून दिसतोय? बोट दाखवेपर्यंत ढग मिटला. पुन्हा काही उघडला नाही.

कोणी पाहिला म्हणून विचारणा सुरू झाली. सगळे नाही म्हणून माना हलवत होते. तेवढ्यात मागून गनीचा आवाज आला, की मला दिसला. नुरुद्दीनचा जीव भांड्यात पडला. चला, आपले डोळे शाबूत आहेत.

मशिदीच्या अंगणात मौलवींनी दोघांना समोर बसवलं. नुरुद्दीनने आपली साक्ष दिली. मग मौलवींनी गनीला विचारलं, चांद कसा होता. गनीने हाताचा पंजा उभा धरला.

"असो. उभो. टोकां डावीकडे."

नुरुद्दीन बघतच राहिला. हा विलायतेचा चांद. तिकडच्या थंड मुलखात चांद उभा असतो, हे गनीनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. पोराच्या इतक्या ईदा तिथे गेल्या, की डोळे मिटले तर त्याला तोच दिसणार. आज त्याने काही पाहिलेलं नाही. पण मग तो खोटं बोलतोय का? चांद तर होताच वर! खरी गोष्ट न बघता सांगितली, तर तिला काय म्हणायचं? म्हाताऱ्याला काही उमगेना. अंगणात लोक खुशीत आले होते, दोघातिघांनी तर मिठ्याही मारल्या. एक शब्द न बोलता बसून राहिलं की झालं.

मौलवींनी त्याच्याकडे वळून विचारलं, "दोघांचं जुळतंय ना, नुरुद्दीन?"

नुरुद्दीनने आपला पंजा आडवा धरला. "नाय," तो म्हणाला. "आडवो होतो. होडीसारखो."

गनीचा हात खाली आला. मौलवींनी तिसावा रोजा जाहीर केला. थोड्या वेळाने मौलवींनी नुरुद्दीनला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की तू स्वतः पाहिलास, तेव्हा तुला उद्या रोजा नाही, तुझी उद्या ईद. मात्र चारचौघांत खाऊ नकोस.

घरी गनी एवढंच बोलला, की चांद वर होता हे मला हिशेबाने पक्कं ठाऊक होतं, मग मी कुणाला फसवलं? सलीमाने मात्र सासऱ्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. रात्री तिने तांदूळ वाटायला घेतले तेव्हा कुणासाठी, हेही तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लवू पडाव घेऊन आला. दूर उभ्या बोटीपर्यंत या होडीतून माणसं पोचवायचा त्याचा धंदा, आणि तो नुरुद्दीनचा लहानपणापासूनचा सोबती. बापलेक समोरासमोर बसले. सगळ्या घराला रोजा असताना एकट्याने ईद कशी खायची, म्हणून नुरुद्दीनच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. गनी पाण्याकडे बघत होता. बोट जवळ येत चालली तसा म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. एका शब्दाने आपण पोराची ईद घालवली, आणि तो शब्द बरोबर होता की चूक, हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

गनीने पुरचुंडी सोडली. आत सांदणं होती, सलीमाने बांधून दिलेली. त्याने एक मोडून अर्धं बापापुढे धरलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडाजवळ नेलं.

"तुझो रोजो?" नुरुद्दीनने विचारलं.

"माका चांद दिसाक नाय, बाबा. पण तू बघलंस. त्या चांदार गेलेल्यांका तरी मी खंय बघूक गेललंय? पेपरात इला, मी मानलंय. मगे तुझा मानूचा नाय?"

आणि त्याने खाल्लं. नुरुद्दीनने आपला तुकडा तोंडात घातला. मग दोघेही उठून एकमेकांच्या गळ्यात पडले, पडाव डचमळला, आणि लवू मागून ओरडला की आधी खाली बसा. ओरडताना त्याचाही आवाज फुटला.

बसल्यावर नुरुद्दीनने मुलाचा हात सोडला नाही.

"गनी, थंय उभो, हंय आडवो," तो म्हणाला. "पण चांद एकच ना रे?"

"एकच, बाबा," गनी म्हणाला.